केडगाव येथील श्रद्धा आणि कृती

ख्रिस्ती विचारात श्रद्धा म्हणजे केवळ मताचा स्वीकार नव्हे. ईश्वरावर भार टाकून पाऊल उचलणे होय. या अर्थाची कसोटी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात पाहावयास मिळते.

१८८९ साली मुंबईत स्थापन झालेल्या शारदा सदनास अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते. ही मुदत सरत आली असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ ओढवला. पुढील द्रव्याची शाश्वती नसताही रमाबाईंनी मध्यप्रांतातील सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणल्या आणि केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. केवळ प्रार्थनेवर विसंबून अनाथालये चालविणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला होता. तथापि केडगावी प्रार्थनेने श्रमाची जागा घेतली नाही. विहिरी, शेती, विणकाम व छापखाना ही तिचीच अंगे झाली.

भाषेच्या अभ्यासकास त्यांचे बायबलभाषांतर विशेष बोलके वाटेल. त्यासाठी त्या उत्तरवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. अल्पशिक्षित स्त्रियांस कळेल अशी सोपी मराठी त्यांनी योजिली आणि खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रार्थना फळास आली की नाही, हे ठरविणे इतिहासाच्या कक्षेबाहेरचे आहे. मात्र जो निर्णय केवळ हिशेबाने घेता आला नसता, तो श्रद्धेने घेतला गेला, एवढे इतिहासकारास निश्चितपणे म्हणता येते.