चेंबर कुठंय?

प्लंबरदादा घरात आले आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "चेंबर कुठंय?"

मी मोबाईलवर पंचवीसेक फोटो जमवून तयार बसले होते. करड्या टाइल्स, भिंतीला टांगलेला कमोड, काचेचं पार्टिशन. त्यांनी एकही फोटो बघितला नाही. "ताई, नळ कुठंही नेता येतो. नळाच्या पाण्याला वरच्या टाकीचा दाब असतो. पण जे बाहेर जायचंय त्याला ढकलणारं कोणी नाही, ते फक्त उतारानं जातं. म्हणून आधी चेंबर, मग कमोड, मग नळ. टाइल्स सगळ्यात शेवटी."

आमचं घर साताऱ्यातल्या एका जुन्या पेठेत आहे. पुढे ओटा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू आणि परसाच्या टोकाला, बोळाला लागून संडास. मागच्या दिवाळीत त्र्याऐंशी वर्षांची आजी पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन ती परसाच्या तीन पायऱ्या उतरू शकत नाही. म्हणून माजघराशेजारची अडगळीची खोली मोडून तिथे आजीसाठी बाथरूम करायचं ठरलं. नियोजन माझ्याकडे आलं, कारण मी घरून काम करते. म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच असते.

दादांनी टेप लावून मोजलं. कमोड खोलीच्या पुढच्या भिंतीला लावला तर चेंबर 28 फुटांवर. चार इंची पाईपला साधारण 40 फुटांत 1 फूट उतार द्यायचा. म्हणजे 28 फुटांना जवळजवळ साडेआठ इंच. आमचा चेंबर उथळ असल्यामुळे पाईप तेवढा खाली नेता येणार नव्हता, खोलीचीच जमीन वर घ्यावी लागणार होती. म्हणजे दारात उंच पायरी, आणि ज्या पायरीपायी हा सगळा खटाटोप, तीच पुन्हा आजीसमोर. कमोड मागच्या भिंतीला लावला तर अंतर 12 फूट, उतार साडेतीन-पावणेचार इंच. तो जमिनीखालीच बसत होता, पायरी लागत नव्हती. अडचण एवढीच की त्या भिंतीच्या पलीकडे देवघर आहे.

"देवघराच्या भिंतीला संडास?" बाबा म्हणाले आणि उठून गेले.

त्या रात्री मला प्रश्न पडला, की आमच्या घरातलं सगळं मागेच का वाहतं? चेंबर मागे, टाकी मागे, संडास मागे. आपल्या भाषेतही 'परसाकडे जाणं' म्हणजे शौचाला जाणं. बांधणाऱ्याला उताराचं गणित कळत होतं म्हणून हे असं झालं, अशी माझी समजूत होती. पण आमच्या परसाला उतारच नाही. उलट मागची बाजू जरा चढावर आहे, म्हणून तर चेंबर उथळ.

उत्तर मिळालं एका कायद्यात. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हाऊस गल्ली'ची व्याख्या आहे. सांडपाण्यासाठी, किंवा संडास साफ करणाऱ्या माणसांना तिथपर्यंत पोचता यावं म्हणून राखून ठेवलेली चिंचोळी जागा म्हणजे हाऊस गल्ली. त्याच कायद्यात मैला वाहून नेण्यासाठी 'हलालखोर कर'ही होता. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींमागच्या अरुंद फटी आपण कचऱ्याच्या जागा समजतो. त्या मुळात माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटा होत्या. साताऱ्याला तो कायदा लागू नव्हता, पण आमचा बोळ त्याच कामाचा. संडास मागे होता तो पाण्याच्या सोयीनं नाही. मैला नेणारं माणूस घराच्या पुढच्या दारानं येऊ नये, म्हणून तो मागे होता.

उतार आपल्याला कळत नव्हता असं म्हणायची सोय नाही. मोहेंजोदडोच्या घरांतल्या न्हाणीघरांचं पाणी साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांच्या गटारांतून रस्त्यावरच्या झाकलेल्या गटारात जात होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी पुण्यात आणलं, तेही निव्वळ उतारावर. त्या नळात हवा कोंडू नये म्हणून वाटेत 'उच्छ्वास' बांधले. आजही बाथरूमच्या पाईपला छतापर्यंत जाणारा व्हेंट पाईप लागतो, तो नसेल तर वाहत्या पाण्याच्या ओढीनं ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं आणि घरात वास सुटतो. कात्रजचं पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं. पण सगळ्यांना सगळ्या हौदांवर पाणी भरता येत नव्हतं. म्हणून तर 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि ती तेव्हा बंडखोरी ठरली. पाणी आणण्यासाठी आपण डोकं लावलं. घाण नेण्यासाठी मात्र दुसऱ्या कुणाचं तरी डोकं वापरलं, आणि तेही टोपली ठेवायला.

संडास घराच्या आत आणायचा तर दोन गोष्टी लागतात. पहिली, पाईपमधला बाक. 1775 मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं वळणदार नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. वळणात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. आज तुमच्या कमोडमध्ये दिसतं ते पाणी म्हणजे हाच पडदा. मोरीच्या जाळीखालीही तसाच एक बाक असतो, आणि त्याचं नाव ऐकून मला फार बरं वाटलं. देशभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी तिथे अशी जाऊन बसली आहे.

दुसरी गोष्ट, भरपूर पाणी. मुंबईला विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये आलं, तुळशीचं 1879 मध्ये, तानसाचं 1892 मध्ये. तरीही टोपलीचे संडास पुढे कित्येक दशकं चालूच राहिले. माणूस पाईपपेक्षा स्वस्त पडत होता, आणि कोणत्या माणसानं हे काम करायचं ते जातीनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हे काम केलं, आणि कुणालाही मैला उचलावा लागू नये म्हणून सोपे संडास बांधून दाखवले. 1949 मध्ये मुंबई सरकारनं सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला वि. ना. बर्वे यांची समिती नेमली. टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला मात्र 1993 साल उजाडलं.

दुसऱ्या दिवशी जुना संडास पाडायला घेतला. बोळाकडच्या भिंतीवरचा गिलावा निघाला तशी जमिनीलगत दीड फुटी चौकट दिसली, विटांनी बुजवलेली. मी फोटो काढून आजीला दाखवला.

"तिकडून पाटी ओढायचे," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा होती ती. टाकी बांधल्यावर बुजवली."

"कोण यायचं?"

"एक बाई यायची."

"नाव काय तिचं?"

आजी बराच वेळ गप्प राहिली. "नाव कुठं विचारलं. 'आली' म्हणायचो नुसतं. आली म्हटलं की मागचं दार लावून घ्यायचं. दहा-बारा वर्षं येत होती."

संध्याकाळी देवघराचा विषय पुन्हा निघाला. बाबांनी वास्तूचं काढलं, शेजाऱ्यांचं काढलं. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "देवांचे पाय दुखत नाहीत. त्यांना हलवा." देव सोप्यातल्या कोनाड्यात गेले आणि कमोड मागच्या भिंतीला लागला.

मला वाटलं, झालं. पण दादा म्हणाले, "टाकीचं झाकण कुठंय?" झाकण परसातल्या फरशीखाली गाडलेलं होतं. टाकी शेवटची उपसली तेव्हा मी सहावीत होते. रात्री दोन माणसं आली होती, दोर आणि बादल्या घेऊन. फरशी उचकटून एकजण आत उतरला. मी वरच्या खिडकीतून बघत होते आणि आईनं खिडकी लावून घेतली. आजीनं मागचं दार लावून घेतलं होतं, तशीच. 1993 च्या कायद्यानंतरचीच ही गोष्ट. गटारात किंवा टाकीत माणूस उतरवून असं धोक्याचं काम करून घेणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. तरी माणसं टाक्यांमध्ये गुदमरून मेल्याच्या बातम्या अजून येतात.

टाकी गाडीनं उपसायची तर झाकण मोकळं हवं आणि गाडीचा पाईप तिथवर पोचायला हवा. आमच्या पुढच्या दारातून, अख्ख्या घरातून तो येऊ शकत नाही. मागच्या बोळात गाडी शिरत नाही, पण बोळाच्या तोंडापासून पाईप ओढता येतो. मध्ये आडवी होती फक्त भिंत.

"भोक पाडावं लागेल," दादा म्हणाले.

मी त्यांना बुजवलेली चौकट दाखवली. त्यांनी टेप लावला आणि मान डोलावली. नकाशात मी तिथे पेन्सिलीनं खूण केली, त्याला लोखंडी झाकण आणि कडी लिहिली. मग खर्चाच्या यादीत आणखी एक ओळ घातली: दर तीन वर्षांनी, उपसा, गाडीनं. बाबांनी यादी वाचली, आकडा बघून भुवया उंचावल्या आणि खाली सही केली.