कुंभकोणमची शाळा आणि केंब्रिजचा दरवाजा : रामानुजन यांच्या प्रवेशाचा इतिहास



अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवताना दरवर्षी कोणीतरी तास संपल्यावर थांबून विचारते, "सर, बारावीनंतर लगेच परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळतो का? एका विषयात मी फार चांगला आहे, पण बाकीच्या विषयांत मार्क कमी आहेत." या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर संकेतस्थळांवर सापडते. पण शाळेतून परदेशी विद्यापीठात जाण्याचा मार्ग कोणासाठी बांधला गेला होता आणि ज्यांच्यासाठी तो नव्हता त्यांचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर इतिहासाकडे वळावे लागते. त्यासाठी तमिळनाडूतील कुंभकोणमचे उदाहरण या पाठात घेतले आहे.

श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. बहुधा ती चमत्कार म्हणून सांगितली जाते. आपण ती प्रवेशप्रक्रियेचा इतिहास म्हणून वाचू.

१. गाव आणि कॉलेज

कुंभकोणम हे कावेरीकाठचे मंदिरांचे गाव. तंजावरचे मराठा राज्य जवळच असल्यामुळे मराठी बोलणारी घराणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचाच.

गावात १८५४ मध्ये सरकारी शाळा निघाली आणि १८६७ मध्ये तिचे कॉलेज झाले. केंब्रिजमध्ये शिकलेले विल्यम पोर्टर आणि त्यांचे सहकारी टी. गोपाळराव यांच्या काळात या कॉलेजचा एवढा लौकिक झाला की लोक त्याला 'दक्षिण भारताचे केंब्रिज' म्हणू लागले. म्हणजे रामानुजन एखाद्या आडगावात, शिक्षणापासून दूर वाढले नाहीत. चांगली शाळा आणि नावाजलेले कॉलेज त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. तरीही ते अडले.

२. त्या काळची शिडी

मद्रास विद्यापीठाची रचना थोडक्यात अशी होती. हायस्कूलच्या शेवटी मॅट्रिक्युलेशन. त्यानंतर कॉलेजात दोन वर्षे आणि एफ.ए. परीक्षा. मग आणखी दोन वर्षे आणि बी.ए. एफ.ए.ला सर्व विषयांत उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. इंग्रजी, गणित, संस्कृत, इतिहास, शरीरशास्त्र यांपैकी एकात जरी विद्यार्थी नापास झाला तरी तो परीक्षेत नापास ठरे. ज्याला परदेशी जायचे त्याने आधी ही शिडी चढायची, पदवी घ्यायची आणि मग शिष्यवृत्ती मिळवायची, असा सर्वसाधारण रिवाज होता.

या शिडीवरून चढून गेलेल्यांचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे रँग्लर परांजपे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात प्रवेश मिळवला. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

पदवीआधी जाण्याची वाटही अगदीच नव्हती असे नाही. गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीसाठी लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशनच्या धर्तीची परीक्षा भारतात बसून देता येई. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय बी.ए. पूर्ण होण्याआधीच ही शिष्यवृत्ती मिळवून १८८२ मध्ये एडिंबरोला गेले. आजच्या भाषेत याला 'लवकर प्रवेश' म्हणता येईल. पण त्या परीक्षेला चार भाषा लागत. म्हणजे वाट आखूड होती, तरी तीही सर्व विषयांत तयार असलेल्या विद्यार्थ्यासाठीच होती. अशी परीक्षा रामानुजन यांच्यासमोर आली असती तरी ते तिच्यात टिकले नसते, असे पुढच्या घटनांवरून म्हणावे लागते.

३. शिडीवरून घसरण : १९०४ ते १९०७

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी ईरोडला झाला. वडील कुंभकोणमला कापडाच्या दुकानात कारकून होते. प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिले येऊन ते १८९८ मध्ये टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले. शाळेत ते हुशार विद्यार्थी होते, बक्षिसे मिळवत होते. माध्यमिक शाळेने त्यांना नाकारले नाही, हे लक्षात ठेवावे.

मॅट्रिक्युलेशनच्या सुमारास त्यांच्या हाती जी. एस. कार यांचे एक पुस्तक पडले. कार हे इंग्लंडमध्ये ट्रायपॉसच्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेणारे खासगी शिक्षक. पुस्तकात सुमारे पाच हजार सूत्रे ओळीने दिली होती, आणि सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीतच किंवा अगदी त्रोटक. केंब्रिजच्या परीक्षेसाठी तयार झालेल्या या मार्गदर्शकावरून कुंभकोणमचा मुलगा एकट्याने गणित करू लागला. सूत्र लिहावे, सिद्धता पाटीवर करून पुसावी, ही त्यांची पद्धत पुढे अडचणीची ठरली.

१९०४ मध्ये ते सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीसह दाखल झाले. गणितापुढे बाकीच्या विषयांकडे लक्ष राहिले नाही. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. कारकुनाच्या घराला फी झेपणारी नव्हती. १९०५ मध्ये ते घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेले, नंतर परतले. १९०६ मध्ये मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला. गणितात उत्तम, शरीरशास्त्रात नापास. १९०७ मध्ये बाहेरून परीक्षा दिली, पुन्हा तेच. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात त्यांच्यासाठी विद्यापीठाचा विषय संपला होता.

इथे कोणी दुष्टपणा केला होता का? नाही. नियम सर्वांना सारखे होते आणि परीक्षकांनी ते पाळले. अडचण नियमाच्या रचनेतच होती : एका विषयात विलक्षण असलेला विद्यार्थी ओळखण्याची कुठलीही जागा त्यात नव्हती.

४. पत्रांची वाट : १९१० ते १९१३

पुढची वाट पत्रांनी तयार झाली. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एका माणसाने दुसऱ्याला लिहिले.

१९१० मध्ये नोकरी शोधत रामानुजन व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर डेप्युटी कलेक्टर होते आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय गणित संस्थेचे संस्थापक. (या संस्थेचे ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होते.) वही पाहिल्यावर त्यांनी कारकुनी देण्याऐवजी मद्रासच्या मित्रांना चिठ्ठी दिली. त्यातून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांची भेट झाली आणि त्यांनी काही काळ दरमहा २५ रुपये दिले. १९११ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरील पहिला निबंध छापून आला. १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून झाले.

अभियांत्रिकीच्या शिक्षकाला यापुढचा टप्पा विशेष वाटतो. पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग हे इंजिनिअर. मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवणारे सी. एल. टी. ग्रिफिथ यांनी नोव्हेंबर १९१२ मध्ये आपले जुने शिक्षक, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एम. जे. एम. हिल, यांना रामानुजन यांच्याविषयी लिहिले. रामानुजन यांचे गणित समजण्याइतके आपण त्यातले जाणकार नाही, हे ग्रिफिथ यांना कळत होते. म्हणून त्यांनी ते कळणाऱ्याला विचारले. हिल यांनी चुका दाखवल्या आणि अनंत श्रेढींवर कोणते पुस्तक वाचावे ते सुचवले.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. आपण वर्षाला २० पौंड पगाराचे कारकून आहोत आणि विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आणि सोबत सूत्रांची पाने जोडली. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवूड यांनी ती तपासली आणि हार्डी यांचे उत्तर ८ फेब्रुवारीला निघाले. त्यात कौतुक होते आणि सिद्धतांची मागणीही.

त्याच महिन्यात हवामान खात्याचे प्रमुख, केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. त्यांनी मद्रास विद्यापीठाला लिहिले. संशोधन शिष्यवृत्ती पदवीधरांसाठी होती आणि रामानुजन एफ.ए.सुद्धा नव्हते. विद्यापीठाने अपवाद केला आणि मे १९१३ पासून त्यांना महिना ७५ रुपये मिळू लागले. ज्या विद्यापीठाच्या परीक्षेत ते नापास झाले होते, त्याच विद्यापीठाने त्यांना संशोधक म्हणून घेतले.

५. केंब्रिजने कोणत्या नियमाने घेतले?

हार्डी यांच्या मनात त्यांना इंग्लंडला आणायचे होते. पण समुद्रोल्लंघन हा कर्मठ घरातला मोठा अडसर होता आणि सुरुवातीला रामानुजन यांनी नकार दिला. १९१४ च्या आरंभी ट्रिनिटीचे ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले, तोवर घरचा विरोध मावळला होता. नेव्हिल यांनी पैशांसाठी विद्यापीठाकडे शब्द टाकला. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड मंजूर केले. त्यांतले ५० पौंड कुटुंबासाठी ठेवले गेले. पुढे ट्रिनिटीने ६० पौंडांची भर घातली. १७ मार्च १९१४ रोजी 'नेवासा' बोटीने रामानुजन निघाले.

प्रवेश मात्र नेहमीच्या दाराने झाला नाही. केंब्रिजने १८९५ मध्ये एक नवा नियम केला होता : दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याला ट्रायपॉस न देता संशोधनावर बी.ए. मिळवता येईल. न्यूझीलंडहून आलेले अर्नेस्ट रदरफर्ड हे या नियमाखाली आलेल्या पहिल्यांपैकी एक. पण रदरफर्ड यांच्याकडे पदव्या होत्या. रामानुजन यांच्याकडे मॅट्रिक्युलेशनच्या वर काहीच नव्हते, आणि त्यांना आवश्यक पात्रता नसतानाही घेतले गेले. म्हणजे अपवादासाठी केलेल्या नियमालाही इथे अपवाद झाला.

मार्च १९१६ मध्ये त्यांना संशोधनावर बी.ए. मिळाली. प्रबंध होता 'अतिसंयुक्त' संख्यांवर. ज्या संख्येला तिच्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असतात, ती अतिसंयुक्त. १२ घ्या : १, २, ३, ४, ६, १२ असे तिचे सहा विभाजक, आणि १२ पेक्षा लहान कोणत्याही संख्येला चारपेक्षा जास्त नाहीत. १९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटीचे फेलो झाले.

केंब्रिजची परीक्षापद्धतीही निर्दोष नव्हती. परांजपे जिच्यात पहिले आले, ती क्रमवारी १९०९ नंतर बंद करण्यात आली, आणि ट्रायपॉसच्या कठोर टीकाकारांत स्वतः हार्डी होते. चांगल्या परीक्षार्थीचा आणि चांगल्या गणितीचा फरक त्यांनी आपल्याच विद्यापीठात पाहिला होता. कदाचित म्हणूनच पत्रातली पदवीची उणीव त्यांना अडली नाही.

६. हिशेब

आता वर्षे मोजू. १९०४ मध्ये कॉलेजात प्रवेश, १९१४ मध्ये केंब्रिज. मधली दहा वर्षे गेली. १९१७ पासून आजारपण, मार्च १९१९ मध्ये परत, २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला मृत्यू, वय ३२. चांगल्या प्रकृतीने, जाणकार सहकाऱ्यांसोबत काम करण्याची वर्षे मिळाली सुमारे तीन. हार्डी यांनी पुढे असे मत मांडले की खरी शोकांतिका लवकर झालेला मृत्यू नसून घडण्याच्या वयात वाया गेलेली वर्षे ही आहे.

यावरून 'परीक्षा निरर्थक आहेत' असा निष्कर्ष काढू नका. माझे काही विद्यार्थी नापास झाल्यावर रामानुजन यांचे नाव घेतात. त्यांना मी एवढेच सांगतो की रामानुजन यांच्याकडे दाखवायला वह्या होत्या. पत्र लिहिण्याआधी कित्येक वर्षांचे काम झालेले होते.

दुसरा चुकीचा निष्कर्ष म्हणजे 'गुणवत्ता असली की दार उघडतेच'. अय्यर यांनी चिठ्ठी दिली नसती किंवा हार्डी यांनी पाकीट बाजूला ठेवले असते, तर आपल्याला हे नावही कळले नसते. किती जणांच्या वह्या कोणी उघडल्याच नाहीत, याची नोंद कुठेच नसते. अपवादावर चालणारी व्यवस्था म्हणूनच अन्यायाची असते, मग त्यातला एखादा अपवाद कितीही सुंदर असो.

आज केंब्रिजमध्ये गणिताला प्रवेश घेणाऱ्याला शालेय गुणांबरोबर 'स्टेप' नावाची फक्त गणिताची परीक्षा द्यावी लागते. विषयातली ताकद पाहण्याची जागा आता नियमातच आहे. मात्र तिथवर पोहोचायला माहिती, फी आणि मार्गदर्शन लागते, आणि या बाबतीत कारकुनाच्या घरातल्या मुलापुढची अडचण संपलेली नाही.

कुंभकोणमला सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर रामानुजन यांचे छोटे घर सास्त्र विद्यापीठाने जपून ठेवले आहे. गेलात तर टाउन हायस्कूल आणि कावेरीकाठचे कॉलेजही पाहा. तिन्ही जागांतले अंतर थोडे आहे. केंब्रिजचे अंतर किती होते, ते आपण पाहिलेच.

विचारासाठी प्रश्न

१. परांजपे, राय आणि रामानुजन यांचे परदेशी विद्यापीठात जाण्याचे मार्ग एका तक्त्यात मांडा. प्रत्येक मार्गात निर्णय कोणाच्या हाती होता?

२. १९०५ मध्ये तुम्ही कुंभकोणमच्या कॉलेजात शिक्षक असता आणि नियम मोडण्याचा अधिकार तुम्हाला नसता, तर रामानुजन यांच्यासाठी काय करता आले असते?

३. तुमच्या कॉलेजात एकाच विषयात असाधारण असलेल्या विद्यार्थ्याला ओळखण्याची कोणती सोय आहे? नसेल तर एका पानात नियमाचा मसुदा लिहा.