सुईचें नेढें आणि ताणलेला दोरा

गुरूनें एक डाव राखून ठेवावा, ही रीत केवळ तालमींतलीच नव्हे. चित्रकारांच्या कार्यशाळांतही ती नांदत असे. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररला तिचा अनुभव तरुणपणींच आला. याकोपो दे बार्बारी ह्या व्हेनिसच्या चित्रकारानें प्रमाणानें बेतलेलीं स्त्रीपुरुषांचीं चित्रें त्यास दाखविलीं. त्यांमागील सूत्र मात्र उलगडून सांगितलें नाहीं. पुढें १५०६ सालीं, यथादर्शनाची गुप्त विद्या शिकण्यास आपण बोलोन्यास जाणार, असें त्यानें व्हेनिसहून मित्रास कळविलें. ‘गुप्त’ हा शब्द त्याचाच बरें!

श्रोतेहो, ह्याच ड्यूररनें १५२५ मध्यें मापनविद्येवरील ग्रंथ छापला; तोही लॅटिनमध्यें नव्हे, तर सोनार-सुतारांस कळेल अशा जर्मनमध्यें. जर्मनींतील तरुण चित्रकार न छाटलेल्या रानझाडासारखे वाढले, ही त्याची खंत होती. ग्रंथाच्या शेवटीं दोन साधनें सचित्र दिलीं आहेत. त्यांतील एक असें: भिंतींत मोठ्या नेढ्याची सुई ठोकावयाची, तें नेढें म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. त्यांतून वजन बांधलेला दोरा ओवून त्याचें दुसरें टोंक एकानें मेजावरील तंतुवाद्याच्या एकेका बिंदूवर धरावयाचें. मध्यें लांकडी चौकट. दोरा तिच्यांतून जेथून जाईल ती जागा दुसऱ्यानें दोन आडव्या-उभ्या दोऱ्यांनीं पकडावयाची, मग दोरा बाजूस सारून चौकटीचें कागद लावलेलें दार मिटावयाचें आणि तेथें टिंब द्यावयाचें. अशा टिंबाटिंबांनीं वाद्य कागदावर उतरतें. काम कंटाळवाणें खरें. ड्यूररच्या सरावलेल्या हातास त्याची फारशी गरजही नसावी. तें होतें इतरांसाठीं.

१५२८ मध्यें तो वारला. १५३८ च्या आवृत्तींत अशाच आणखी दोन साधनांचीं चित्रें छापलीं गेलीं.