दाव्यासकट दिलेली गाय

जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, अशी आमच्या माणदेशातली रीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं; आपलं सोडवून घरी आणायचं नि खुंटीला टांगायचं. दाव्याबरोबर दावणीची लक्ष्मी जाऊ नये म्हणून. १९७२ साली आमच्या खुंटीला एक दावं टांगलं गेलं आणि एक गाईबरोबर गेलं.

तेव्हा मी दहा वर्षांचा. पाऊस १९७० पासूनच दगा देत होता, पण ७२ सालानं कंबर मोडली. विहिरीत प्यायपुरतं पाणी होतं. नव्हती ती माणसाला ज्वारी आणि जनावराला कडबा. माणसांसाठी सरकारनं कामं काढली. आबा आणि आई पाझर तलावावर माती टाकायला जायची, खडी फोडायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, घरात परदेशातनं आलेल्या मिलोची भाकरी व्हायची. पण दावणीला एक म्हातारा बैल, एक खिल्लार गाय आणि वाड्यात अठरा मेंढरं होती. त्यांना घालायचं काय?

बैल बाजारात गेला. शेजाऱ्याशी वारंगुळा करून आम्ही त्याच्यावर औत हाकायचो. त्याला कुणी शेतकरी विचारीना. शेवटी एका व्यापाऱ्यानं नेला. कुठं नेला, हे आबांनी विचारलं नाही. रात्री ते दावं घेऊन आले आणि न जेवता झोपले.

मेंढरांचं वेगळं. आमच्या भावकीतला एक धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन घाट उतरून कोकणात जायचा. तिकडं भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायची. लेंडीखत शेताला, त्याबदली धान्य धनगराला. आबांनी आमची मेंढरं त्याच्या कळपात अर्धलीनं घातली. जी कोकरं होतील ती निम्मी त्याची, निम्मी आमची, लोकर त्याची. कागद नाही, साक्षीदार नाही.

राहिली गाय. माझी आत्या कृष्णाकाठी दिली होती. तिकडं पाटाचं पाणी, ऊस, म्हणजे उसाचं वाढं. आबा आणि मी गाय घेऊन पायी निघालो. दहिवडी, वडूज, पुसेसावळी असे मुक्काम करत पाचव्या दिवशी पोचलो. वाटेत आमच्यासारखीच माणसं, पुढं जनावर, डोक्यावर गाठोडं. छावण्या नंतर निघाल्या. त्याआधी पाहुण्यांचे गोठे हीच छावणी होती.

आबा दारातच म्हणाले, "आक्का, ठेवशील का हिला? खुराकाचं पैसं न्हाईत माझ्याकडं."

आत्या काही बोलली नाही. मामांकडं बघत राहिली. सासरच्या दारात माहेरचं जनावर ठेवून घ्यायचं म्हणजे तिला रोज ऐकून घ्यायला लागणार, हे मला आता कळतं. मामांनी गाईच्या बरगड्या बघितल्या आणि विचारलं, "दावं सोडून नेताय का ठेवताय?"

"ठेवतोय. न्यायला येणार हाय मी."

"मग बांधा."

१९७३ चा पाऊस लागला. धनगर परत आला, बोटावर हिशेब सांगितला. अठरातली सहा घाटात आणि रोगानं गेली. आठ कोकरं झाली, चार आमची. सोळा मेंढरं त्यानं वाड्यात मोजून घातली. आबांनी एक शब्द विचारला नाही.

आम्ही गाय आणायला गेलो तर ती तिकडं व्याली होती. कालवड झाली होती. आबांनी कालवडीच्या गळ्यात नवीन दावं घातलं नि ते आत्याच्या हातात दिलं. आत्या नको नको म्हणाली. मामा म्हणाले, "घे गं. आता तुला कुणी बोलायचं नाही." त्या वर्षभरात तिनं काय सोसलं, हे त्या एका वाक्यात आलं.

पुढं २०१९ साली माझी दोन जनावरं मी सरकारी छावणीत नेली. कानात बिल्ला, रजिस्टरात नोंद, मोजून चारा. फार बरं वाटलं. कुणाच्या बहिणीला ऐकून घ्यावं लागलं नाही. पण छावणी गाई-म्हशी-बैलांची. शेजारचा मेंढक्या कुंपणाशी उभा राहून आतल्या चाऱ्याकडं बघत होता. मेंढरं कुठं ठेवायची, हा त्याचा प्रश्न होता तिथंच होता.

बैलाचं दावं अजून खुंटीला आहे. आबांनी ते कधी दुसऱ्या जनावराला बांधलं नाही. मीही बांधलेलं नाही.