पोटाचं दुखणं

परवा आत्याकडे जुन्या फोटोंचा डबा घेऊन बसलो होतो. बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून जेनेटिक्सच्या डॉक्टर तीन पिढ्यांचा तक्ता मागताहेत. कोण, कितव्या वर्षी, कशानं गेलं. आत्याचं उत्तर ठरलेलं: "पोटाच्या दुखण्यानं." मोठे काका चाळिशीत, पोटाचं दुखणं. चुलत आजी पंचेचाळिशीत, तेच. कॅन्सर हा शब्द आमच्याकडे कधी कुणी उच्चारलाच नाही.

मला आठवली पॉलीन ग्रॉस. अमेरिकेत ॲन आर्बरला शिवणकाम करायची. १८९५ साली तिनं मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, की मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात. दुसऱ्या कुणी 'मनाचे खेळ' म्हणून तिची बोळवण केली असती. वॉर्थिननी वंशावळ मांडायला घेतली आणि नातेवाइकांची माहिती गोळा करून दिली ती पॉलीननंच. (शाळा-कॉलेजात वॉर्थिनचं नाव कधीमधी कानावर येतं, तिचं नाही.) १९१३ साली हे घराणं 'फॅमिली जी' म्हणून छापून आलं. १९१९ साली पॉलीन गेली. गर्भाशयाच्या कॅन्सरनंच.

पुढे कितीतरी वर्षं कॅन्सर आनुवंशिक असतो हे फारसं कुणी मानेना. साठच्या दशकात ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी तसली घराणी पुन्हा शोधायला सुरुवात केली, आणि १९७१ साली 'फॅमिली जी'च्या पुढच्या पिढ्यांची माहिती प्रसिद्ध केली. आज या प्रकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारा जणू एक मुद्रितशोधक असतो. तोच अधू. १९९३ साली त्यातलं एमएसएच२ हे जनुक सापडलं आणि २००० साली पॉलीनच्या घराण्यातला दोष नेमका याच जनुकात निघाला.

आईबापांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे न मिळण्याचीही निम्मी! ज्यांच्यात असतो त्यांची दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात, गाठी लहान असतानाच काढून टाकतात. (कोलोनोस्कोपीचं काही नाही हो, आदल्या रात्रीचं ते जुलाबाचं औषध मात्र नको वाटतं.) बायकांना मुलंबाळं झाल्यावर गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्याचाही सल्ला देतात. पॉलीनला यातलं काहीच मिळालं नाही.

तपासणीची सुरुवात आजारी माणसापासून करतात, म्हणून आधी बाबांचं रक्त दिलंय. आत्याला हे पटलेलं नाही. "पोरींची लग्नं व्हायचीयत, कशाला बोभाटा?" तिची भीती खोटी नाही, आपल्याकडे लोक काय बोलतील ते मलाही माहीत आहे. मी गप्प बसलो. मग चहा झाल्यावर तिनंच चुलत आजीचा फोटो उलटा केला आणि म्हणाली, "लिही. गर्भपिशवीचा होता. मुंबईला नेलं होतं, तुझ्या आजोबांनी कुणाला सांगू दिलं नाही."

तर चुलत-आते भावंडांनो, तुमच्याकडचे फोटो तेवढे उलटून बघा आणि मला फोन करा. तक्त्यात अजून सात चौकोन रिकामे आहेत.