परदेशी शिकायला निघालात? थंडीची बॅग अशी भरा

जवाहरनगर : ब्रिटन, जर्मनी, कॅनडातले बरेचसे अभ्यासक्रम सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा धान बांधीत उभे असते आणि चुकारे हाती यायला वेळ असतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी पोराची खरेदी बहुधा उसन्या पैशांवरच होते. इथून काय न्यायचे आणि तिथे काय घ्यायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

कपडे : एकच जाड स्वेटर नेऊन भागत नाही. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि वरून वारा-पाऊस अडवणारे जॅकेट, असे तीन थर लागतात. सुती बनियन घामाने ओले होते, लवकर वाळत नाही आणि मग थंडी जास्तच वाजते. थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे, कानटोपी, हातमोजे इथून न्या. भारी कोट आणि बर्फातले बूट मात्र तिथेच घ्या. ते वजन खातात आणि आपल्याकडचे तिथल्या थंडीला पुरतीलच असे नाही. गोधडी घरीच राहू द्या.

वजन : आंतरराष्ट्रीय विमानात बऱ्याचदा एका बॅगेला २३ किलो चालतात, देशांतर्गत विमानात अनेकदा १५ किलोच. नागपूर ते मुंबई-दिल्ली वेगळे तिकीट काढले, तर जादा वजनाचे पैसे नागपुरातच मोजावे लागतात. शक्यतो पूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढा.

खाऊ : तूप, खवा, पेढे, मांस-मासळी भरू नका. युरोपात आणि ब्रिटनमध्ये बाहेरून दूध व मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. ताजी फळे, कढीपत्ताही नको. तिखट, हळद, पापड, कुरड्या सीलबंद करून न्या.

हातातली बॅग : पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, मूळ गुणपत्रिका, कर्जाची कागदे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधे हातातच ठेवा. पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. एक गरम जॅकेटही जवळ असू द्या, कारण मोठी बॅग कधी कधी उशिरा पोहोचते. ब्रिटनमध्ये तीन चपट्या पिनांचा, जर्मनीत दोन गोल पिनांचा प्लग लागतो.

आधीची कागदे : सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असेल तर ब्रिटनच्या व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी लागते. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यात शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे मिळते. उत्पन्नाची मर्यादा व मुदत त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा.

तब्येत : आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पण तिथल्या थंडीत आणि आजारपणात तब्येत ढासळली. मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्या गेल्या, वय अवघे २१. आज औषधे आहेत, विमा आहे. तरी खोकला अंगावर काढू नका. पैसे वाचवायला खोलीतला हीटर बंद ठेवून कुडकुडत बसू नका.

घरच्यांनी एक करावे. खरेदीच्या पैशातला काही भाग कोटासाठी म्हणून बाजूला काढून पोराजवळ द्यावा. तिथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच तो लागतो.