प्रॉस्टेट-कर्करोगाची प्रतवारी

पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशीं अक्रोडाएवढी प्रॉस्टेट ग्रंथि असते. उतारवयांत तिला कर्करोग जडल्याचें कळलें, म्हणजे वैद्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, कीं हा रोग जागच्या जागीं राहणार, कीं हाडांपर्यंत पसरणार? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास बोधप्रद आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटांत, मेयो क्लिनिकमधील अल्बर्ट ब्रॉडर्स यांनीं १९२० सालीं ओठाच्या कर्करोगाच्या चार प्रती ठरविल्या. निरोगी पेशींशीं साम्य जितकें कमी, तितका रोग दुष्ट, हें त्यांचें सूत्र. प्रॉस्टेटच्या रोगास मात्र पुढें पुष्कळ वर्षें सर्वमान्य कसोटी लाभली नाहीं.

ती मिनेसोटांतच निघाली. मिनीआपोलिस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनीं आपली प्रतवारी १९६६ सालीं प्रसिद्ध केली. एकेक पेशी न्याहाळण्याऐवजीं त्यांनीं कमी शक्तीच्या भिंगांतून रोगाची एकंदर मांडणी पाहिली. एकसारख्या, गोल, रेखीव नळ्यांची मांडणी पहिली. नळ्यांचा मागमूसहि न उरलेली पांचवी. एकाच गांठींत पुष्कळदां दोन मांडण्या आढळत. त्यांतील खरी कोणती? रुग्णांच्या मृत्यूंच्या नोंदींशीं ताडून पाहतां, दोहोंची बेरीजच सर्वांत विश्वासार्ह ठरली. अशा रीतीनें २ पासून १० पर्यंत गुण झाले.

परंतु बेरजेंत एक मेख होती. ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३, दोन्ही मिळून सातच. तथापि दुसऱ्या प्रकारांत चौथ्या मांडणीचें प्राबल्य असल्यानें रोग पसरण्याचा धोका अधिक. शिवाय व्यवहारांत ६ हाच सर्वांत खालचा गुण उरला. तरी दहापैकीं सहा ऐकून रोगी घाबरे. वस्तुतः २०१२ सालच्या एका पाहणींत, शस्त्रक्रियेनंतर ६ किंवा कमी गुण मिळालेल्या १४,१२३ रोग्यांपैकीं अवघ्या २२ जणांच्या लसिकाग्रंथींत रोग आढळला. त्यांतील १९ जणांचे नमुने पुन्हां तपासले, तेव्हां प्रत्येकास मुळांतच कमी गुण दिले गेल्याचें दिसून आलें.

म्हणून २०१४ सालीं शिकागोस जमलेल्या तज्ज्ञांनीं पांच वर्ग मान्य केले. सहापर्यंत पहिला, ३ अधिक ४ दुसरा, ४ अधिक ३ तिसरा, आठ चौथा आणि नऊ-दहा पांचवा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं ते स्वीकारले. पहिल्या वर्गांतील अनेकांस आतां शस्त्राऐवजीं नियमित तपासणी पुरते. मात्र सुईनें काढलेला तुकडा सबंध गांठीची साक्ष देईलच असें नाहीं. म्हणून ती तपासणी टाळूं नये.

ग्लीसन २००८ सालीं निवर्तले. रोगाच्या केवळ नांवास भिण्यापूर्वीं त्याची प्रत विचारावी, हा धडा त्यांच्या कार्यानें दिला.